विलो फोर्कचे चौबळकाका

आमच्या बिल्डिंगची लिफ्ट हळू आहे हे खरं. दुबईच्या करामा भागातल्या सगळ्याच जुन्या बिल्डिंगींच्या लिफ्टा हळू आहेत, आणि आम्ही सगळे तिच्यासमोर मोबाइल बघत मुकाट उभे राहतो. चौबळकाका बटण पाच वेळा दाबायचे, दाराला कान लावायचे, "नाही येत, खलास!" म्हणायचे आणि जिन्याने चौथ्या मजल्याकडे सुटायचे. लिफ्ट बहुतेक वेळा त्यांच्या आधी पोचायची. हे कुणी लक्षात आणून दिलं तर म्हणायचे, "पण मी उभा तर नव्हतो ना!"

रमाकांत चौबळ मूळचे रोह्याचे. दुबईतल्या एका बँकेत सत्तावीस वर्षं चेकवरच्या सह्या तपासायच्या, हे त्यांचं काम. दिवसभर खुर्चीत बसून काढलेला सगळा बसकेपणा ते संध्याकाळी वसूल करायचे. मेट्रोतून एक स्टेशन आधी उतरून चालत यायचे. जेवायचे ते पोळी हातात घेऊन घरभर फिरत. "मी पान टेबलावर वाढते आणि हे हॉलमध्ये जेवतात," असं नीलाकाकू सांगायच्या. आमच्याकडे चहाला आले आणि चुकून बसले, तर त्यांचा गुडघा हलायचा, गुडघ्याबरोबर टेबल आणि टेबलाबरोबर आमचे कप. माझी मुलगी इथेच जन्मलेली, तिला भीडभाड माहीत नाही. ती म्हणायची, "अंकल, प्लीज, यू आर मेकिंग मी डिझी." काका "सॉरी हबीबी" म्हणून उभे राहायचे आणि उरलेला चहा उभ्यानेच प्यायचे. आपण काही सांगायला लागलो की दुसऱ्या वाक्यालाच त्यांचं "पुढे?" यायचं. मला तर त्यांच्याशी बोलताना धाप लागायची.

सह्यांचा नाद मात्र ऑफिसात ठेवून ते घरी येऊ शकत नसत. इथे वर्षाच्या भाड्याचे चार चेक पुढच्या तारखा घालून एकदम द्यावे लागतात. एका वर्षी मी ते चेक लिहीत बसले होते आणि काका काकूंचा डबा न्यायला आले. माझ्या खांद्यावरून वाकून बघत म्हणाले, "मीनल, पहिल्या चेकवर मीनल आहे. चौथ्यावर नुसती रेघ आहे. काय झालंय?"

माझ्या नवऱ्याची नोकरी गेली होती आणि आम्ही ते कुणालाच सांगितलं नव्हतं. अगदी आईलासुद्धा. मी तिथेच रडले. काकांनी सल्ला वगैरे काही दिला नाही, तेवढा धीर त्यांच्यात कुठला? दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यांनी बेल वाजवली आणि "यल्ला, चला" म्हणून नवऱ्याला चालायला घेऊन गेले. पुढचे दोन महिने, नवी नोकरी लागेपर्यंत, रोज. क्रीकपर्यंत, म्हणजे खाडीपर्यंत जायचं, अब्रा नावाच्या लाकडी होड्या बघायच्या आणि परत. नवरा सहा किलो उतरला. तो अजून म्हणतो की त्या दिवसांत घरात बसून राहिलो असतो तर माझं काही खरं नव्हतं.

अशा या माणसाला जागच्या जागी बसवणारी एकच गोष्ट जगात होती, अमेरिकेतल्या खेडेगावांच्या बँकांच्या जुन्या नोटा. आता रोह्याच्या माणसाला हे खूळ कुठून लागलं? तर बर दुबई भागातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात घड्याळाचा पट्टा बघायला गेले आणि तिथे काचेखाली एक भली मोठी नोट दिसली. नोटेवर कुठल्याशा गावाचं नाव आणि खाली शाईच्या दोन सह्या. छापलेल्या नाहीत, पेनाने केलेल्या. झालं, पट्टा राहिला आणि नोट घरी आली.

मला त्यांनी हे सगळं समजावलं ते गणपतीच्या दिवशी, आमच्या डायनिंग टेबलावर अल्बम उघडून. "पूर्वी तिकडे गावोगावच्या बँकांना आपापल्या नावाची नोट काढता यायची. छापायचं सरकार. पण वर नाव गावच्या बँकेचं, आणि सह्या गावच्याच दोघांच्या, प्रेसिडेंट आणि कॅशियर. आठशे वस्तीचं गाव गं! एक चर्च, एक धान्याचं कोठार, एक बँक. आणि त्याची स्वतःची नोट! तू इमॅजिन कर, रोह्याची नोट. वर रोहा छापलंय आणि खाली आमच्या आळीतल्या बापूंची सही. ती नोट घेऊन तू मुंबईत साडी आणतेस!"

एवढं बोलून त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि पुढची वीस मिनिटं त्यांचा गुडघा हलला नाही. मी टेबलाखाली वाकून खात्री केली. काकू सोफ्यावरून म्हणाल्या, "घरात शांतता पाहिजे असली की मी यांच्यासमोर एक नोट ठेवते."

त्यांच्याकडे चाळीसेक नोटा होत्या, सगळ्या हजारच्या आतल्या वस्तीच्या गावांच्या. अमेरिका त्यांनी पाहिली नव्हती, पण कुठल्या गावची बँक कोणत्या कोपऱ्यावर होती आणि तिथे आता मोबाइलचं दुकान आहे की न्हाव्याचं, हे त्यांना कॉम्प्युटरवरच्या नकाशात फिरून पाठ झालेलं होतं. इथे सत्तावीस वर्षं राहून आपला व्हिसा दोन-दोन वर्षांचा. साठी झाली की निघायचं. कुठल्याशा गावाने आपलं नाव नोटेवर छापून घ्यावं आणि ते शंभर वर्षं टिकावं, याचं त्यांना फार वाटायचं. ते तसं बोलले नाहीत कधी, मी ते त्यांच्या तोंडावर पाहिलेलं आहे.

त्या सगळ्यात त्यांना हवी होती ती विलो फोर्क नावाच्या गावाची नोट. आजवर या गावाच्या दोनच नोटा सापडलेल्या, म्हणून. वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर तिसरी एका ऑनलाइन लिलावात आली. तिकडे रात्र, इथे शनिवारची सकाळ, नाश्त्याची वेळ. काका आमच्या घरी येऊन आमच्या फ्रिजला टेकून मोबाइलवर बोली लावत होते, कारण वर काकू होत्या. आकडा चढत गेला तशी त्यांनी माझी फ्रिजवरची सगळी चुंबकं काढून दुसऱ्या क्रमाने लावली. शेवटी "मिळाली!" असं ओरडून ते तीन वेळा बाल्कनीत जाऊन आले. किती? तर अकरा हजार दिरहम. काकूंना मात्र सांगितलं, दीडशे.

"काका, हे बरं नाही," मी म्हटलं.

"सांगीन गं. रिटायर झालो की सांगीन, इन्शाल्ला."

इथपर्यंत एखाद्या हौशी माणसाची गोष्ट झाली असती. पण काकांना नोट हातात आल्यावर गप्प कसं बसवेल? त्यांनी थेट 'पोस्टमास्तर, विलो फोर्क' या पत्त्यावर पत्र टाकलं. नोटेवर कॅशियर म्हणून एल्मर हॅस्किन यांची सही आहे, त्यांचं कुणी गावात आहे का? आम्ही सगळे हसलो. चार महिन्यांनी उत्तर आलं. एल्मर हॅस्किनची नात गावातच होती. नाव मार्था, वय एक्क्याण्णव. पत्र तिच्या भाचीने, कॅरलने, लिहिलं होतं. घराला एकदा आग लागली तेव्हा आजोबांचं सगळं गेलं, त्यांच्या हातचं एक अक्षर उरलं नाही. मार्थाची नजर सहा वर्षांपूर्वी गेली. ती म्हणते, मला ती सही दिसणार नाही, पण तिच्यावरून एकदा बोट फिरवायला मिळालं तर बरं वाटेल.

हे पत्र काकांनी बिल्डिंगमधल्या प्रत्येक मराठी घरात वाचून दाखवलं. मग उत्तर लिहिलं, "मी स्वतः घेऊन येतो." आणि ते नुसतं लिहिण्यापुरतं नव्हतं. बँकेत सह्या तपासायला मशीन आलं होतं, काकांच्या साठीला तीन महिने उरले होते. दुबई सोडायची, आधी अमेरिकेला जायचं, मार्थाच्या हातात नोट द्यायची आणि मग रोह्याला परत. व्हिसाचे फॉर्म मी भरले. तिकिटं निघाली. काकांच्या फेऱ्या दुप्पट झाल्या. निवृत्तीबद्दल विचारलं तर ते मार्थाबद्दल बोलायचे, आणि मला वाटतं तेवढ्यावरच ते उभे होते.

आता माझ्या धंद्याबद्दल दोन शब्द सांगणं भाग आहे. मी टायपिंग सेंटरमध्ये काम करते. म्हणजे लोकांचे फॉर्म भरायचे, डिग्रीची सर्टिफिकेटं सरकारी शिक्क्यांसाठी पाठवायची. माझ्या काउंटरवर मोठ्या अक्षरात पाटी आहे, लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट चालणार नाही. कारण प्लॅस्टिकवर शिक्का बसत नाही. तरी आठवड्याला एक तरी पोरगा तोंड पाडून उभा असतो. "मॅडम, पप्पांनी केलं, खराब होऊ नये म्हणून." आपल्या लोकांच्या प्रेमाची परमावधी म्हणजे लॅमिनेशन. जी वस्तू जिवापाड जपायची ती नेऊन गरम प्लॅस्टिकमध्ये कायमची चिकटवून आणायची.

काकांच्या साठाव्या वाढदिवसाला काकूंनी तेच केलं.

त्यांचंही चूक नव्हतं. काका नोटा पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवायचे, ते काकू रोज बघत होत्या. विलो फोर्कची नोट काका येणाऱ्या-जाणाऱ्याला काढून दाखवायचे, तिचा एक कोपरा दुमडायला लागला होता. आता ती विमानातून अमेरिकेला जाणार, म्हातारीच्या हातात पडणार. दीडशे दिरहमच्या कागदाला पाच दिरहमचं चांगलं पक्कं प्लॅस्टिक करून घेऊ, आणि लाल रिबीन बांधून देऊ. सरप्राइज फुटू नये म्हणून त्या माझ्याकडे न येता मागच्या गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडे गेल्या.

आम्ही दोघं वाढदिवसाला होतो. काकांनी रिबीन सोडली. बघितलं. आणि उभेच राहिले. हात नाही, पाय नाही, काही हललं नाही. काकू हौसेने म्हणाल्या, "आता पाणी सांडलं तरी काही होणार नाही." काका म्हणाले, "वा. छान केलंस." मग केक कापला आणि खुर्चीत बसून सगळा खाल्ला. काकूंना वाटलं, किती खूश झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी लंच टाइमला ते माझ्या काउंटरवर आले. रांगेत टोकन घेऊन उभे होते, यावरूनच मला कळलं. त्यांचा नंबर आल्यावर हळू आवाजात म्हणाले, "मीनल, लॅमिनेशन निघतं का गं?"

"काका, किंमत तर गेलीच असेल."

"किंमत खड्ड्यात गेली. तिला बोट फिरवायचंय. प्लॅस्टिकवरून काय फिरवणार ती? मी लिहिलंय तिला, आणतो म्हणून. एक्क्याण्णव वर्षांची बाई आहे. आता मी काय सांगू?"

मी त्यांना खरं ते सांगितलं. सर्टिफिकेटं वाचवण्याचे उपाय आम्ही करून बघतो. कोमट इस्त्री फिरवायची, गोंद मऊ झाला की पातळ दोरा सरकवत सरकवत प्लॅस्टिक सोडवायचं. निम्म्या वेळा कागद फाटतो. माझ्या हातून तर जास्तच. अख्ख्या बिल्डिंगमध्ये या कामाचे हात एकाच व्यक्तीकडे होते. काकू बायकांच्या साड्यांना फॉल-बिडिंग करून द्यायच्या. मीना बाजारातले दुकानदारसुद्धा नाजूक जरीची उसवण त्यांच्याकडे पाठवायचे, कारण त्यांच्या हातून कधी धागा तुटला नाही.

"तिला कसं सांगू?" काका म्हणाले. "एवढ्या प्रेमाने केलंय तिने. आणि सांगायचं तर ते दीडशेचंही सांगावं लागेल."

"सांगा की मग."

ते गेले. आमच्या काचेतून मला तासभर दिसत होते. एप्रिलच्या उन्हात ब्लॉकला चकरा चालू होत्या. पाचव्या चकरेला मी बाहेर जाऊन त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली. सहाव्या चकरेला ते आत येऊन म्हणाले, "सुट्टी घे. तू बरोबर चल."

काकू मशीनवर बसल्या होत्या. काकांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. काकूंनी मशीन थांबवलं.

"किती म्हणालात?"

"अकरा हजार."

"रुपये?"

"दिरहम."

काकूंनी मोठ्याने हिशेब केला, "अकरा हजार... चोवीसने... दोन लाख चौसष्ट हजार." मला वाटलं, आता हंगामा होणार. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी हातातल्या साडीच्या काठाला न लावता स्वतःच्या पदराला पुसलं. "आणि मी पाच दिरहम देऊन त्याची माती केली. एक शब्द बोलला असता तर..." आणि मग उठत म्हणाल्या, "खोटं बोललात त्याचं मी रोह्याला गेल्यावर बघते. आधी इस्त्री काढा."

पण लगेच नोटेला हात लावतील तर त्या नीलाकाकू कुठल्या! मला पिटाळलं आणि घरातल्या तीन जुन्या दहा रुपयांच्या नोटा लॅमिनेट करून आणायला लावल्या. रंगीत तालीम. पहिली फाटली. दुसरीचा एका बाजूचा रंग प्लॅस्टिकबरोबर आला. तिसरीला त्यांनी मलमलचं फडकं मध्ये घालून इस्त्री फिरवली, रेशमाचा एक धागा ओला करून कडेने आत घातला आणि करवतीसारखा नाही, तर दोन्ही टोकांनी ताणून नुसता पुढे ढकलत नेला. ती निघाली, पण तिच्याही एका कोपऱ्याची साल गेली.

काका मागे फेऱ्या मारत होते. "निघतंय! निघतंय! चल, आता सगळी काढून टाक."

"सगळी नाही," काकू म्हणाल्या. "सगळं मिळवायला गेलं की सगळं जातं. मला फक्त सही दाखवा, कुठली ते."

काकांनी भिंग आणलं आणि उजव्या बाजूच्या नाही, डाव्या बाजूच्या सहीवर बोट ठेवलं. काकूंनी ब्लेडने तिच्याभोवती दोन बोटं रुंदीची चौकट प्लॅस्टिकवर आखली, कागदाला न लागता. तेवढ्या भागापुरतं फडकं, इस्त्रीचं टोक, मग धागा. पावणेदोन तास. मध्येच त्या म्हणाल्या, "अहो, तुमच्या पावलांनी फरशी हलतेय." काकांनी स्टूल ओढलं, गुडघ्यांवर दोन्ही हात दाबून धरले आणि बसले. घामाने त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. मी एसीचा आकडा खाली आणायला उठले तर दोघं एकदम म्हणाले, "नको, गार हवेने गोंद धरेल."

प्लॅस्टिकची ती बारकी खिडकी शेवटी सुटून काकूंच्या नखाला चिकटली. खाली कागद होता, खरखरीत, आणि त्यावर एल्मर हॅस्किन. पहिल्या अक्षराच्या एका वळणाची शाई फिकी झाली होती, बाकी सही शाबूत. काकांनी बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. "नको. पहिलं बोट तिचं."

मे महिन्यात ते गेले. सामान जहाजाने रोह्याला, माणसं विमानाने अमेरिकेला. एअरपोर्टवर आम्ही सोडायला गेलो तेव्हा काकांनी ट्रॉली एवढ्या जोरात पुढे पळवली की काकू, पर्स पोटाशी धरून, दूर मागे राहिल्या. नोट पर्समध्ये होती. काकू मला म्हणाल्या, "यांच्या हातात देत नाहीये मी. कुठेतरी फेऱ्या मारता मारता ठेवून येतील." आम्ही हसलो, मिठी मारली. काका तोवर सिक्युरिटीच्या पलीकडे गेलेसुद्धा होते. त्यांना नीट अच्छा म्हणायचं राहून गेलं.

दहा दिवसांनी काकूंकडून व्हिडिओ आला, कॅरलने काढलेला. जेमतेम मिनिटभराचा. चौकड्यांचा टेबलक्लॉथ, खुर्चीत पांढऱ्या केसांची, पाखरासारख्या मनगटांची मार्था, आणि शेजारी साडीवर स्वेटर घातलेल्या काकू. काकू मार्थाचं बोट धरून त्या उघड्या चौकटीत नेऊन ठेवतात. बोट हळूहळू सरकतं. एका जागी थांबतं, परत मागे येतं. पुन्हा जातं. "ही प्रेस्ड सो हार्ड," मार्था म्हणते. किती दाबून लिहायचे आजोबा. तेवढं एकच वाक्य ती दोनदा म्हणते. मग चौकटीची कड चाचपून विचारते, हे कुणी केलं?

"मी," काकू मराठीतच म्हणतात आणि मग इंग्रजी जुळवतात. "फर्स्ट आय ओन्ली क्लोज्ड इट. देन आय ओन्ली ओपन्ड."

मार्था खळखळून हसते. तेवढ्यात कॅमेऱ्याबाहेरून काकांचा आवाज येतो. नेहमीचा भरधाव नाही, चाचरत. "नीला, ऐक ना... मी काय म्हणतो... आपण ही नोट जर..."

काकू मान वळवत नाहीत. त्या नोट मार्थाच्या मांडीवर ठेवतात आणि तिचे दोन्ही हात उचलून त्यावर दाबून बसवतात. कॅरलला काहीतरी समजतं, तिचा हात हलतो आणि कॅमेरा क्षणभर बाजूला जातो. दाराच्या चौकटीत चौबळकाका उभे आहेत. चष्मा हातात, गाल ओले. काकू त्यांच्याकडे बघत नाहीयेत, तरी ते मान हलवतायत, "हो... हो... हो."